बाहुलीच्या अंगावर कपड्याचा रंग पुन्हा पुन्हा उतरतोय? कारण आणि उपाय

तक्रार बहुतेक एकाच धाटणीची असते. शोकेसमधली बार्बी बऱ्याच महिन्यांनी बाहेर काढली, साडी उतरवली, तर मांड्यांवर, कमरेला आणि काखेत कपड्याचा रंग उमटलेला. साबणाने घासून गेला नाही. मग कुणीतरी सुचवलेलं मलम लावून उन्हात ठेवली, डाग गेला. तीच साडी पुन्हा नेसवून बाहुली जागेवर गेली. पावसाळा सरला, दिवाळीची साफसफाई निघाली आणि डाग होता तिथेच हजर. काही जणांना तर याहून कोड्यात टाकणारा अनुभव येतो. बाहुलीला कपडा घातलेलाच नव्हता, तरी पुसट झालेला डाग आपोआप गडद झाला.

हा त्रास थांबवता येतो. पण डाग घालवायच्या युक्त्या बदलून नव्हे, तर बाहुली आणि तिचे कपडे मांडायची पद्धत बदलून. माझं मत आधीच सांगते: शोकेसमध्ये वर्षभर दिसायला हवेत असे कपडे बाहुलीच्या अंगावर ठेवूच नयेत. ते वेगळे मांडावेत. का आणि कसे, ते पुढे.

आधी डाग कोणता ते ओळखा

बाहुलीच्या अंगावरचा प्रत्येक डाग कपड्याचा नसतो. ओल्या कापसाच्या बोळ्यावर थेंबभर भांड्यांचं लिक्विड घेऊन हलकेच पुसा. रंग बोळ्यावर आला तर तो वरवरचा आहे, धुऊन जाईल. काळे-हिरवट ठिपके असतील आणि कोंदट वास येत असेल तर ती बुरशी. तीही पुसून निघते, मात्र बाहुली पूर्ण कोरडी करूनच परत ठेवायची. कानाच्या पाळीभोवती हिरवा डाग असेल तर तो कानातल्यांच्या धातूचा, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. केसांच्या मुळाशी चिकटपणा असेल तर तो डोक्याच्या आत भरलेला गोंद असतो. केस घट्ट बसावेत म्हणून भरलेला हा गोंद काही बाहुल्यांमध्ये छिद्रांतून बाहेर झिरपतो. तो विषय वेगळा, इथे त्यात शिरत नाही.

यातलं काहीच नाही, पुसून बोळा पांढराच राहिला आणि बाहुलीच्या अंगावर मात्र रंग स्पष्ट दिसतोय, तर तो रंग प्लास्टिकच्या आत गेला आहे. आपला खरा प्रश्न हाच.

आणखी एक खूण बघा. १९८०-९०च्या दशकांतल्या बार्बीचे पाय मऊ असतात आणि धड कडक प्लास्टिकचं. अशा बाहुलीला गडद रंगाची घट्ट पॅंट बराच काळ घातलेली असेल तर डाग पायांवर ठळक येतो आणि कमरेचा सांधा ओलांडला की जवळजवळ थांबतो. कपडा एकच, घट्टपणाही तोच. मग डाग सांध्यापाशी का अडला? या प्रश्नाच्या उत्तरातच सगळा उलगडा आहे.

रंग आत जातो कसा

मऊ पाय ज्या पीव्हीसीचे असतात ते मुळात कडक असतं. त्याला मऊपणा यावा म्हणून प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळतात. ते पुष्कळदा एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं असतं. हे द्रव्य प्लास्टिकशी पक्कं जोडलेलं नसतं, नुसतं सामावलेलं असतं. त्यामुळे उष्णतेने आणि काळाने ते हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतं. कपड्याचा रंग जिथे अंगाला टेकतो तिथे तो या तेलकट द्रव्यात विरघळतो आणि त्याच्या वाटेने आत शिरतो. कडक धडात हे द्रव्य नाही, म्हणून तिथे रंगाला वाट मिळत नाही.

जेवणाच्या प्लास्टिकच्या डब्यात रश्श्याची भाजी ठेवली की हळदीचा पिवळा रंग जसा डब्याच्या अंगातच भिनतो, तसाच हा प्रकार आहे. घासणीने डबा खरवडला तरी तो निघत नाही.

आता ज्यामुळे बहुतेक जण फसतात तो मुद्दा. कपडा धुऊन रंग जात नाही ना, एवढं बघून आपण निर्धास्त होतो. पण पाण्यात रंग न सोडणारा कपडासुद्धा बाहुलीला डाग पाडू शकतो. पॉलिस्टरला वापरतात ते डिस्पर्स प्रकारचे रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, या तेलकट द्रव्यात मात्र छान विरघळतात. टी-शर्टवर छपाई करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. लाल पॉलिस्टरवर साध्या प्लास्टिसॉलच्या शाईने पांढरी अक्षरं छापली की काही दिवसांत ती गुलाबी पडतात, कारण ती शाई म्हणजेही पीव्हीसी आणि प्लास्टिसायझरच. त्यामुळे कपडा मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवून 'रंग पक्का' करायचा आपल्याकडचा उपाय इथे कामाचा नाही. कपड्यावर उरलेला सुटा रंग निघून जावा म्हणून तो दोन-चार पाण्यांतून काढणं चांगलंच, पण तेवढ्याने बाहुली सुरक्षित झाली असं समजू नका.

खात्री करायची असेल तर चाचणी प्लास्टिकवरच घ्या. शाळेच्या कंपासपेटीतला पांढरा मऊ प्लास्टिकचा खोडरबर यासाठी उत्तम. त्यातही असंच मऊ करणारं द्रव्य असतं. प्लास्टिकच्या पट्टीला असा खोडरबर महिनोन्‌महिने चिकटून राहिला की पट्टीवर खळगा पडतो, तो त्यामुळेच. कापडाचा तुकडा खोडरबरभोवती घट्ट गुंडाळा, दोऱ्याने बांधा आणि उबदार जागी, म्हणजे फ्रिजच्या वर किंवा राउटरच्या शेजारी, दोन-तीन आठवडे ठेवून द्या. सोडल्यावर खोडरबरावर विणीची नक्षी रंगात उमटली असेल तर तो कपडा बाहुलीच्या अंगाला लावायचा नाही. मरून, गडद निळा, काळा, राणी कलर आणि डेनिम हे रंग सगळ्यांत आधी तपासा. अस्तर आणि किनारही तपासायला विसरू नका. बाहेरचा कपडा मोतिया आणि आतलं अस्तर लाल, असं अनेकदा असतं.

नऊवारीचा खास त्रास

आपल्याकडे रुखवतात बार्बीला नऊवारी नेसवून ठेवायची पद्धत चांगलीच रुळली आहे. लग्न झालं की ती बाहुली शोकेसमध्ये जाते आणि वर्षानुवर्षं तशीच उभी राहते. या बाहुल्यांवरचे डाग नेमके कुठे असतात ते बघण्यासारखं आहे. गोल साडी किंवा घागरा असेल तर डाग कमरेपुरता, कारण खालचा घेर पायांना टेकत नाही. नऊवारीत काष्टा दोन्ही पायांमधून घट्ट मागे खोचलेला असतो. म्हणून डाग मांड्यांच्या आतल्या बाजूने लांब पट्ट्यासारखा उतरतो आणि गुडघ्यामागे, जिथे निऱ्या दाबल्या जातात, तिथे सर्वांत गडद असतो. मांडीला मांडी टेकल्यामुळे एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूलाही लागतो.

त्यातच कितीतरी वेळा ही साडी ग्लू गनने बाहुलीला चिकटवलेली असते. ती ओढून काढू नका. बाहुली पिशवीत घालून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. ग्लू गनचा गोंद थंडीने ताठर होतो आणि बरेचदा टच्‌कन सुटतो. उरलेल्या ठिकाणी कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल गोंदाच्या कडेला लावून थांबा, पकड ढिली होते. ते चेहऱ्याच्या रंगकामाला लागू देऊ नका. काही साड्यांचा रंगही त्याने ओघळतो, तेव्हा आधी काष्ट्याच्या आतल्या टोकावर एक थेंब लावून बघा. गारठलेली बाहुली लगेच वाकवूही नका, थंड पीव्हीसी ठिसूळ असतं. खोलीच्या तापमानाला आल्यावरच हातपाय हलवा.

डाग काढताना

आत शिरलेल्या डागावर सर्वाधिक वापरात असलेला उपाय म्हणजे बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम, मुरमांवर लावतात ते. परदेशातले संग्राहक १० टक्क्यांचं वापरतात. आपल्याकडे मेडिकलमध्ये साधारण २.५ आणि ५ टक्क्यांचं जेल मिळतं. तेही चालतं, वेळ जास्त लागतो इतकंच. घेताना दुसरं औषध मिसळलेलं नाही ना ते बघा. ज्यात नुसतं बेंझॉइल पेरॉक्साइड आहे तेच घ्या.

केस प्लास्टिकच्या कागदात बांधा, चेहरा झाका. ओठ-भुवयांचा रंग या मलमाने उडतो. मलम फक्त डागावर, अंमळ जाड थापा. वाळू नये म्हणून वर पातळ पारदर्शक प्लास्टिक लावा. बाकीचं अंग अॅल्युमिनियमच्या फॉइलने झाकून उजेडात ठेवा. हे झाकणं टाळू नका, कारण उन्हाने पीव्हीसी पिवळं पडतं आणि ते पिवळेपण परत फिरत नाही. काही तासांनी मलम पुसा, धुवा, बघा आणि गरज असेल तर पुन्हा लावा. हातमोजे घाला, अंगावरच्या चांगल्या कपड्यांपासून मलम दूर ठेवा, त्यांचाही रंग उडतो.

आता डाग परत का येतो ते बघू. हे मलम रंग बाहेर काढत नाही. रंगाचे रेणू मोडून त्याला रंगहीन करतं, आणि तेही जिथवर मुरतं तिथवरच. त्याखाली खोल गेलेला रंग शाबूत असतो. काही महिन्यांनी प्लास्टिसायझरबरोबर तो पुन्हा वर सरकतो. कपडा घातलेला नसताना डाग गडद होतो तो असा. म्हणजे तुमच्या हातून काही चुकलं म्हणून नव्हे, साठा आत उरला होता म्हणून. अशा वेळी दर खेपेला थोडं मलम, मध्ये मोठी विश्रांती, आणि दरम्यान अंगावर रंगीत काहीही नाही, हाच मार्ग.

डाग शंभर टक्के जाईपर्यंत मलम लावत बसू नका. थोडी छटा उरली असतानाच थांबा आणि आठवडाभर बाहुलीकडे बघत राहा. आत मुरलेलं पेरॉक्साइड धुतल्यानंतरही काम करत राहतं, आणि अतिरेक झाला की डागाच्या जागी पांढुरका चट्टा पडतो. त्याला इलाज नाही. सावळ्या किंवा गडद रंगाच्या बाहुल्यांवर हा चट्टा फार उठून दिसतो, म्हणून त्यांच्यावर मी हे मलम सुचवत नाही. १९६८ साली आलेली बार्बीची सावळी मैत्रीण 'ख्रिस्ती', तिच्यासारख्या जुन्या बाहुल्या तर जशा आहेत तशाच जपाव्यात.

नेलपॉलिश रिमूव्हर नको, अॅसिटोनने कडक धड आणि रंगकाम विरघळतं. ब्लीच नको. टूथपेस्ट आणि मॅजिक इरेझरने (डाग घासायचा पांढरा स्पंज) घासूही नका, त्याने पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडतात, त्यांत धूळ बसते आणि नवा रंग आणखी सहज धरतो.

कपडे वेगळे मांडा

या सगळ्यातला मला सर्वांत आनंद देणारा भाग हा. बाहुलीचे कपडे स्वतंत्रपणे मांडले की ते खऱ्या अर्थाने दिसतात. १९५९ साली बार्बी आली तेव्हा तिचे कपडे शार्लट जॉन्सन या डिझायनरच्या देखरेखीखाली जपानमध्ये शिवले गेले. साडेअकरा इंचांच्या बाहुलीसाठी बारीक झिप, अस्तर, मण्याएवढी बटणं. बाहुलीच्या अंगावर असताना नजर चेहऱ्याकडे जाते आणि ही शिवण बघायचीच राहते. आपल्याकडच्या एखाद्या शिंपीणबाईंनी उरलेल्या खणातून बेतलेल्या चोळीचंही तेच. काखेतली ठिगळी आणि काठाची जुळवाजुळव बघायची तर ती चोळी एकटीच हवी.

त्यासाठी कपडा चढवून ठेवायचा लहानसा साचा घरी होतो. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा, दाबला की परत फुगणारा फोमचा पत्रा घ्या. थर्माकोल नको, त्याचे दाणे सुटतात. पत्र्याची सुरळी करून कमरेला दोऱ्याने आवळा, छातीला आणखी एक पट्टी गुंडाळा. वरून मांजरपाटाचं कव्हर शिवा, पण मांजरपाट आधी गरम पाण्यात धुऊन त्याची खळ पूर्ण काढा, नाहीतर झुरळं आणि कसर खळीच्या ओढीने येतात. साचा कपड्यापेक्षा किंचित बारीकच ठेवा. ताणून बसवलेल्या कपड्याच्या शिवणी उसवतात. बाह्यांत धुतलेल्या मलमलीची छोटी वळकटी सरकवली की बाही पडून राहत नाही. उभ्या साच्याऐवजी हॅंगर हवे असतील तर तारेवर मांजरपाटाची पट्टी गुंडाळा. उघड्या तारेचा गंज खांद्यावर उतरतो.

गंजावरून आठवलं. मुंबई-कोकणच्या हवेत टिचबटणं हाच कपड्यांचा मोठा शत्रू. लावलेल्या टिचबटणाचे दोन भाग एकमेकांत गंजून बसतात आणि उघडताना कापडासकट निघतात. मांडताना टिचबटणं उघडीच ठेवा, मागच्या बाजूला मांजरपाटाची बारीक पट्टी मध्ये घालून कपडा नुसता एकमेकांवर आणा. समोरून कळत नाही.

उजेडाचंही बघा. खिडकीचं ऊन कपड्याचा रंग उडवतं, आणि शोकेसमधल्या जुन्या पिवळ्या बल्बची धग वरच्या फळीवर साठते. बाहुल्यांना ती कपड्यांपेक्षाही जास्त बाधते. एलईडी लावा, तोही बाहेरून, आणि पाहुणे आले की चालू करा.

बाहुली सजलेलीच हवी असेल तर काळ ठरवून सजवा. चैत्रगौरीच्या आरासेत किंवा गौरी-गणपतीत चार-पाच दिवस नऊवारीत उभी राहिली तर काही बिघडत नाही. सण झाला की साडी उतरवा. एरवी अंगावर पांढऱ्या, धुतलेल्या सुती कापडाचा साधा झगा असू द्या. गडद कपड्याखाली असं पांढरं अस्तर घातलं तर डाग पडायला वेळ लागतो, पण रंग कालांतराने त्यातूनही पार होतो. म्हणून वर्षभरासाठी त्यावर विसंबू नका. किचनमधल्या क्लिंग फिल्मने अंग गुंडाळायचा सल्ला ऐकायला मिळतो. त्यातल्या काही फिल्म स्वतःच पीव्हीसीच्या असतात, त्यामुळे मी तो पाळत नाही.

पायांतल्या चपला-बूटही काढून ठेवा. मऊ रबरी बूट पावलाला रंगही देतात आणि चिकटतातही.

पाय चिकट होतात तेव्हा

डागाच्या जोडीने ही दुसरी तक्रार येतेच. हात लावला की पाय चिकट, त्यावर धुळीचा थर. तेच प्लास्टिसायझर पृष्ठभागावर येऊन साचलेलं असतं. कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडने धुवा, सुती कापडाने टिपून वाळवा. पावडर लावली की दोन दिवस बरं वाटतं, नंतर तिचाच लगदा होतो. दर आठवड्याला अल्कोहोलने पुसण्याची सवय तर मोडाच. पुसलेलं द्रव्य म्हणजे बाहुलीचा मऊपणाच, तो जितका काढाल तितके पाय पुढे कडक आणि ठिसूळ होतील.

अशा बाहुल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवणं ही सर्रास चालणारी गोष्ट, आणि तीच अपायकारक. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या यव्हॉन शाशुआ यांनी मऊ पीव्हीसीच्या वस्तूंवर केलेल्या कामातून दिसलं की पॉलिथिनची पिशवी हे द्रव्य शोषून घेते आणि ते आणखी वेगाने बाहेर पडतं. काचेसारख्या न शोषणाऱ्या बंद भांड्यात मात्र ते मंदावतं. म्हणजे घट्ट झाकणाची काचेची बरणी किंवा चांगली बंद होणारी काचेची पेटी आपल्या कामाची. बाहुली पूर्ण कोरडी असेल, घरातली जागा थंड असेल आणि आत कापड टेकलेलं नसेल, एवढं पाळा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवायची असेल तर ठेवा, पण दाण्यांचा रंग पालटला की ते तापवून पुन्हा कोरडे करावे लागतात, नाहीतर पुडी असून नसल्यासारखी.

कपाटात डांबराच्या गोळ्या मात्र अजिबात नकोत. नॅप्थॅलीनच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतात, रंगकाम चिकट होतं. कापराचंही तसंच. कपड्यांना कसर लागू नये म्हणून गोळ्या घालायच्याच असतील तर बाहुल्यांच्या कपाटापासून दूर, वेगळ्या पेटीत, आणि प्लास्टिकचे मणी-टिकल्या असलेले कपडे त्या पेटीतही नकोत. नुसतं दर दोन-तीन महिन्यांनी कपडे झटकून, सावलीत हवा देऊन ठेवलं तरी कसर बरीच आटोक्यात राहते.

कानाभोवतीचा हिरवा डाग

१९६०च्या दशकातल्या बार्बीच्या कानातल्यांच्या काड्या तांब्या-पितळेच्या असत. तांबं आणि विनाईल (म्हणजे तेच मऊ पीव्हीसी) यांच्या संगतीने हिरवा डाग कानापासून गालाकडे पसरत जातो. इथे क्रम महत्त्वाचा: आधी कानातलं काढायचं, मगच मलमाचा विचार. धातू आत असताना कितीही उजळलं तरी हिरवा रंग पुन्हा येणारच. डोकं कोमट पाण्यात धरून मऊ केलं की काडी सहज सुटते. मलम काडीभोवती अगदी थोडं, कापसाच्या काडीने. काढलेली कानातली छोट्या पुडीत घालून बाहुलीचं नाव लिहून ठेवा, परत घालू नका.

जाता जाता वयाबद्दल. पाठीवर १९६६ कोरलेलं बघून बाहुली साठ वर्षांची समजू नका. ते कॉपीराइटचं वर्ष आहे, बाहुली बनल्याचं नव्हे, आणि १९९०च्या दशकातल्या बाहुल्यांवरही ते सापडतं. पण बाहुली खरोखर १९५९-६० सालची असेल, तळपायांना तांब्याच्या नळ्या बसवलेली भोकं असतील, अंग फिकट हस्तिदंती पडलेलं असेल, तर वर लिहिलेल्यातलं साबण-पाण्यापलीकडचं काहीही करू नका. पहिल्या बाहुल्यांचं विनाईल मुळातच फिकट पडत गेलं आहे, आणि अशा अंगावर मलमाचा चट्टा पडला तर डागापेक्षा तो जास्त खटकतो. तिला पांढरा सुती झगा घाला, डाग झाकला जाईल, आणि तिचा काळा-पांढरा पट्ट्यांचा स्विमसूट शेजारी साच्यावर मांडा.